बागेत फुलपाखरं यावीत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाचा जोर ओसरला की हे प्रश्न येऊ लागतात आणि दिवाळीपर्यंत येतच राहतात. कुणाकडे परसू आहे, कुणाकडे चार कुंड्यांची बाल्कनी, कुणाला सोसायटीच्या कुंपणालगतची पट्टी मिळाली आहे. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवामानाला धरून दिली आहेत. एकच शंका अनेक रूपांत आली तिथं सविस्तर उत्तर एकदाच दिलं आहे आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक.

१. माझ्याकडे फुलझाडं भरपूर आहेत, तरी फुलपाखरं येत नाहीत. असं का?

बहुतेक वेळा याचं कारण म्हणजे बागेत फुलं आहेत, पण अळीला खाता येईल असं पान नाही. फुलपाखराला मध लागतो तो पंख फुटल्यावर. त्याआधीचे दोन-तीन आठवडे ते अळी असतं आणि अळी फक्त पानं (क्वचित कळ्या, शेंगा) खाते, तीही ठरावीक झाडांचीच. मादी पानावर उतरून पायांनी पानाची चव घेते आणि झाड ओळखीचं असेल तरच अंडं घालते. अशा झाडाला खाद्यवनस्पती म्हणतात. ती नसेल तर फुलपाखरू येईल, मध पिईल आणि पुढच्या बागेत जाईल.

म्हणून बाग करण्याआधी मनाची एक तयारी लागते: पानं खाल्ली जाणार. कुरतडलेलं पान हे या बागेतलं यश आहे. हे ज्यांना पटतं त्यांच्याकडे फुलपाखरं येतात, टिकतात आणि वाढतातही.

दुसरी दोन कारणं म्हणजे सावली आणि औषधफवारणी. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं, त्यामुळे सकाळचं ऊन न येणाऱ्या जागी ती रमत नाहीत. फवारणीसाठी प्रश्न ९ पाहा.

२. अगदी नवखी आहे. पहिली तीन झाडं कोणती लावू?

कढीपत्ता, पानफुटी आणि पेंटास. कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मॉन अंडी घालतात. पानफुटीवर रेड पिएरो येतं. पेंटास जवळजवळ वर्षभर फुलतं आणि मध देतं. तिन्ही झाडं कुंडीत जगतात, महाग नाहीत, आणि एक पावसाळा संपायच्या आत बहुतेकांना पहिली अळी दिसते.

३. कोणत्या झाडावर कोणतं फुलपाखरू येतं, हे एकदा नीट सांगाल का?

पूर्ण यादी देणं शक्य नाही. भारतात फुलपाखरांच्या १३०० हून अधिक प्रजाती आहेत आणि एकट्या पश्चिम घाटात ३३० हून अधिक. पण घराजवळ लावता येतील अशी झाडं मोजकी आहेत आणि त्यांतली निम्मी तुमच्या आसपास आधीपासून असतील.

लिंबू, कढीपत्ता, बेल, पपनस ही एकाच कुळातली झाडं. त्यांवर लाइम बटरफ्लाय आणि मॉर्मॉन मंडळी वाढतात. लिंबाच्या कोवळ्या फुटीवर लाइम ब्ल्यू नावाचं नखाएवढं निळसर फुलपाखरूही अंडी घालतं. दारापुढच्या खोट्या अशोकावर टेल्ड जे आणि कॉमन जे येतात. टेल्ड जे सीताफळावर आणि सोनचाफ्यावरही येतं. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके आणि एका जागी न थांबणारी फडफड, अशी त्याची ओळख. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट इतक्या संख्येनं येतं की कोवळी पालवी कधीकधी अख्खी फस्त होते. आंब्यावर बॅरन, आणि आंब्यावरच्या बांडगुळावर जेझेबेल. बांडगूळ झाडाला त्रास देतं हे खरं, पण झाड मोठं आणि निरोगी असेल तर एखादी फांदी राहू द्यावी असं मला वाटतं. जेझेबेलच्या पंखांखालचा पिवळा आणि लाल रंग त्याच फांदीवर वाढलेला असतो.

रुईवर प्लेन टायगर. हेच फुलपाखरू हळदीकुंकू नावाच्या लाल-पिवळ्या फुलांच्या झाडावरही वाढतं. कण्हेरीवर आणि वड-उंबराच्या कुळातल्या झाडांवर कॉमन क्रो. त्याचा कोष आरशासारखा चकाकतो. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कॉस्टर, एरंडावर कॅस्टर, कोरांटीवर लेमन पॅन्सी, चित्रकावर झेब्रा ब्ल्यू. हळद, आलं आणि सोनटक्का यांच्या पानांची गुंडाळी करून आत बसलेली अळी ग्रास डेमनची. नारळ, सुपारी आणि शोभेचा अरेका पाम यांवर पामफ्लाय. सापसंदाच्या वेलीवर, जिला ईश्वरी असंही म्हणतात, कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ.

तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या वनस्पती तर हमखास ठेवाव्यात. टाकळ्यावर ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट, घोळीवर डॅनेड एगफ्लाय, आंबुशीवर पेल ग्रास ब्ल्यू. साध्या गवतावरही ब्राउन आणि स्किपर गटातली कितीतरी फुलपाखरं वाढतात.

शोभेच्या ॲरिस्टोलोकियाबद्दल, म्हणजे सापसंदाच्याच गटातल्या वेलींबद्दल, एक सावधगिरी. मोठ्या, विचित्र आकाराच्या फुलांसाठी परदेशी जाती विकल्या जातात. त्यांच्या वासानं फसून मादी अंडी घालू शकते, पण काही परदेशी जातींवर अळ्या तगत नाहीत. वेल लावायची तर स्थानिक सापसंदच शोधा.

४. मधासाठी कोणती फुलं चांगली?

साधी, एकेरी पाकळ्यांची, गुच्छानं येणारी. पेंटास, एक्झोरा, झिनिया, कॉसमॉस, जमैकन स्पाइक, पगोडा फ्लॉवर. लांब सोंडेच्या मॉर्मॉनना जास्वंदही आवडते. जागा असेल तर दिंडा लावा. तो फुलला की त्यावर गर्दी असते. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची संकरित फुलं आपल्याला सुंदर दिसतात, पण त्यांत मध कमी असतो किंवा तिथवर सोंड पोहोचत नाही.

एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सहा रोपं एकत्र लावली तर ती दुरून दिसतात. भुरुंडी आणि खुळखुळा यांचा उल्लेख मुद्दाम करायला हवा. टायगर आणि क्रो गटातले नर या वनस्पतींच्या सुकलेल्या भागांवर बसून त्यातली रसायनं शोषतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यापासून तयार होतो. खुळखुळ्याची फांदी मोडून सुकत ठेवली तरी ती तिथं गोळा होतात.

५. मी सहाव्या मजल्यावर राहते. इतक्या वर फुलपाखरं येतील का?

येतात, पण जमिनीलगतच्या बागेपेक्षा कमी. वर अडथळा असतो तो मुख्यतः वाऱ्याचा. कुंड्या कठड्यावर टांगण्यापेक्षा बाल्कनीच्या आडोशाच्या कोपऱ्यात, ऊन येईल अशा, एकत्र ठेवा. जवळ उंच झाडं असतील तर काम सोपं होतं. अशोक किंवा बहाव्याच्या शेंड्याशी वावरणारी फुलपाखरं तशीही उंचावरच असतात. उंचावर सुरुवातीला कढीपत्ता, लिंबू आणि पानफुटी यांवरच भर द्या.

६. कढीपत्त्याची सगळी पानं अळ्यांनी खाल्ली. झाड मरेल का? अळ्या काढू का?

जमिनीत रुजलेलं, पुरुषभर उंचीचं झाड मरत नाही. काही आठवड्यांत नवी फूट येते. कुंडीतल्या वीतभर रोपाचं मात्र खरंच नुकसान होतं. एक मोठी अळी कोषात जाण्याआधीच्या दिवसांत भराभर खाते आणि तीन-चार अळ्या छोटं रोप उघडं करतात. त्यासाठी दोन कुंड्या ठेवा, एक तुमच्या फोडणीची आणि एक त्यांची. फोडणीच्या कुंडीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका. अळ्या हलवायच्या झाल्या तर पानासकट हलवा आणि शक्यतो त्याच जातीच्या झाडावर. कढीपत्त्यावर वाढलेली मोठी अळी लिंबावर नेली तर ती खाईलच असं नाही.

लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरी. अनेक जण ती घाण समजून पुसून टाकतात. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर-केशरी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आपल्याला त्यापासून काही अपाय नाही, तो मुंग्या आणि इतर शत्रूंसाठी आहे.

७. अळीला हात लागला तर खाज सुटते ना? घरात लहान मुलं आहेत.

ज्यांनी अंगावर गांधी उठतात ते केसाळ सुरवंट, म्हणजे घुले, बहुतेक पतंगांचे असतात. शेवग्याच्या खोडावर झुंडीनं दिसणारे घुलेही पतंगाचेच. लिंबू, कढीपत्ता, रुई, कण्हेर यांवरच्या फुलपाखरांच्या अळ्या केसाळ नसतात. कॅस्टर आणि बॅरन यांच्या अळ्यांना काटे असतात. मुलांना एकच नियम शिकवावा: पाहायचं जवळून, हात नाही लावायचा. अळीसाठीही तेच बरं.

खरी काळजी झाडांची घ्यायला हवी. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं-मांजर घरात असेल तर ही दोन्ही झाडं लावू नका. बाकीची पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे रुई आहे त्यांनी छाटताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत.

८. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे, डोक्याजवळ निळे डोळे. कोणतं फुलपाखरू होणार?

होणार पतंग, ओलिअँडर हॉक मॉथ. तगर आणि कण्हेर ही दोन्ही त्याची झाडं. ते डोळे खरे नाहीत, घाबरवण्यासाठीचे ठिपके आहेत. राहू द्या. हिरव्या-गुलाबी नक्षीचा हा पतंग भारतातल्या देखण्या पतंगांपैकी आहे. पूर्ण वाढ झाली की अळी खाली उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीत कोष करते, म्हणून झाडाखालचा पाला झाडून काढू नका.

९. जास्वंदीवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) आहेत. निंबोळी अर्क तर नैसर्गिक आहे, तो चालेल ना?

अळ्या असलेल्या झाडावर नाही. निंबोळीतलं द्रव्य कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेतच अडथळा आणतं, मग तो मिलीबग असो की फुलपाखराची अळी. बीटी नावाची जिवाणूजन्य पावडर तर खास अळ्या मारण्यासाठीच असते. जास्वंदीवरचे मिलीबग पाण्याच्या जोरदार धारेनं किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं काढा. फवारणी करायचीच झाली तर ती तेवढ्याच झाडावर, वारा नसताना, खाद्यवनस्पतींपासून लांब.

१०. नर्सरीतून आणलेल्या लिंबावर अंडी घातली गेली, पण अळ्या दोन दिवसांत मेल्या. का?

बहुधा रोपावर आंतरप्रवाही कीटकनाशक वापरलेलं होतं. हे औषध पानाच्या आत, रसात उतरतं, त्यामुळे पानं धुऊन जात नाही. नवं रोप आणलं की ते निदान दोन महिने बाजूला, जाळीखाली ठेवा. जुनी पानं गळून नवी येऊ द्या. घेताना नर्सरीवाल्याला स्पष्ट विचारा. कडेची पानं कुरतडलेलं रोप दिसलं तर आनंदानं तेच घ्या, ते सुरक्षित असण्याची शक्यता जास्त.

११. घाणेरीवर इतकी फुलपाखरं असतात. ती लावू का?

नको. तिच्यावर फुलपाखरं गर्दी करतात हे खरं आहे, पण अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपानं आपल्या रानांत हजारो एकर जमीन व्यापली आहे आणि तिच्याखाली स्थानिक रोपं उगवत नाहीत. पक्षी फळं खाऊन बिया लांबवर नेतात. म्हणजे तुमच्या कुंपणातली घाणेरी एक दिवस जवळच्या टेकडीवर पोहोचते. आधीपासून असेल तर फळ धरण्याआधी प्रत्येक गुच्छ छाटा आणि हळूहळू तिच्या जागी पेंटास, एक्झोरा आणा.

१२. फुलपाखरांना साखरपाणी ठेवू का?

गरज नाही, मुंग्या येतात आणि दोन दिवसांत ते आंबतं. त्यापेक्षा पिकून मऊ झालेलं केळं, अननसाच्या साली किंवा फणसाचा गर सावलीत ताटलीत ठेवा. बॅरन, इव्हनिंग ब्राउन, ब्लॅक राजा, नवाब यांना फुलांपेक्षा असं फळच आवडतं.

दुसरी गोष्ट चिखल. उथळ ताटलीत माती आणि वाळू भरून ती सतत ओली ठेवा. त्यात थोडं शेणखत मिसळलं तर उत्तम. चिखलावर बसणारी बहुतेक फुलपाखरं नर असतात. पानाफुलांत सोडियम फार कमी असतं, ते तिथून मिळतं आणि मीलनाच्या वेळी मादीकडे आणि पुढे अंड्यांकडे जातं. पाण्यानं भरलेली खोल भांडी मात्र उपयोगाची नाहीत.

१३. काल दहा अळ्या होत्या, आज एकही नाही. कुणी नेल्या?

शिंपी, बुलबुल, दयाळ, सरडा, नाकतोडा पकडणारा प्रार्थनाकीटक, कोळी, गांधीलमाशी, मुंग्या. या सगळ्यांची पिल्लंही त्याच बागेत वाढत असतात. मादी एवढी अंडी घालते ती त्यातली बहुतेक जगणार नाहीत म्हणूनच. अळ्या पूर्ण वाढलेल्या असतील तर दुसरी शक्यता तपासा: कोषात जाण्याआधी त्या झाड सोडून लांब चालत जातात. कुंडीची कड, खिडकीची चौकट, जिन्याखालची बाजू पाहा. लाइमचा कोष हिरव्या पानांत हिरवा आणि वाळक्या काटकीवर तपकिरी असतो, सहज दिसत नाही.

१४. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून अळ्या घरात बरणीत वाढवल्या तर?

मुलांना एकदा दाखवण्यासाठी एखादी अळी वाढवणं छान आहे. दर पावसाळ्यात पन्नास अळ्या एका डब्यात वाढवणं योग्य नाही. गर्दीत रोग लवकर पसरतो. एक-दोन अळ्या ठेवायच्या तर जाळीचं झाकण असलेला मोठा डबा घ्या. रोज ताजी पानं द्या, त्याच जातीच्या झाडाची, आणि रोज विष्ठा काढा. डब्यात पाणी साचू देऊ नका. आत एक उभी काटकी हवीच, कारण कोषातून बाहेर आल्यावर फुलपाखराला लटकून पंख खाली सोडावे लागतात. तेवढी जागा नसेल तर पंख वाकडे वाळतात आणि ते कधीच उडत नाही. बाहेर येताना लालसर-तपकिरी द्रव गळतो. ते रक्त नाही. पंख वाळले की बागेत सोडा.

१५. कोष काळा पडला आहे. मेला का?

कदाचित उद्या उघडणार आहे. क्रो, टायगर, मॉर्मॉन यांच्या कोषाचं कवच शेवटच्या दिवशी पारदर्शक होतं आणि आतले गडद पंख दिसतात. नीट पाहिलं तर पंखांची नक्षी ओळखू येते. कोष मऊ झाला असेल, दुर्गंध येत असेल तर मात्र तो गेला. बारीक भोकं दिसली तर परजीवी गांधीलमाशीनं आत अंडी घातली होती.

साधारणपणे अंडं तीन-चार दिवस, अळी दोन-तीन आठवडे, कोष एक-दोन आठवडे असा हिशेब असतो. पण थंडीत किंवा कोरड्या दिवसांत लाइमसारखी काही फुलपाखरं कोषातच थांबतात, कधी महिने. घट्ट, वजनदार असलेला कोष टाकू नका.

१६. एप्रिल-मेमध्ये सगळी कुठे जातात?

काही कोषात किंवा पानांच्या सावलीत थांबतात. काही खरोखर निघून जातात. पावसाळ्याआधी टायगर आणि क्रो गटातली फुलपाखरं सह्याद्रीतून पूर्वेकडच्या पठारांकडे जातात आणि पावसाळ्यानंतर परततात. उन्हाळ्यात खाद्यवनस्पतींना पाणी देत राहा. पहिल्या पावसानंतरची फूट जितकी जोमदार, तितका ऑगस्ट ते नोव्हेंबरचा हंगाम चांगला जातो.

१७. आपलं राज्य फुलपाखरू माझ्या बागेत येईल का?

ब्ल्यू मॉर्मॉनला २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पंख पसरलेलं ब्ल्यू मॉर्मॉन १२ ते १५ सेंटिमीटर भरतं. कोकण, गोवा, सह्याद्रीच्या कुशीतली गावं, आणि मुंबई-ठाण्यापुण्यातल्या झाडी असलेल्या वस्त्या इथं शक्यता चांगली. लिंबू, पपनस किंवा माकडलिंबू आणि जवळ एक्झोरा, पगोडा फ्लॉवर लावा. त्याला थोडी सावलीची वाटही लागते. झाडांच्या दोन रांगांमधून ते ये-जा करतं. अशी लागवड प्रत्यक्ष पाहायची असेल तर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी किंवा माहीमचं निसर्ग उद्यान पाहून या.

१८. क्रिमझन रोझ दिसलं, पण आमच्याकडे सापसंद नाही. हे कसं?

ती कॉमन मॉर्मॉनची मादी असू शकते. तिचे काही प्रकार विषारी कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझसारखे दिसतात, त्यामुळे पक्षी तिला टाळतात. धड पाहा: रोझचं धड लाल असतं, मॉर्मॉनचं काळं. डॅनेड एगफ्लायची मादीही अशीच प्लेन टायगरसारखी दिसते.

१९. वाढदिवसाला सोडण्यासाठी फुलपाखरं विकत मिळतात. घेऊ का?

नाही. डब्यात कोंबलेली, दमलेली फुलपाखरं बाहेर पडून अनेकदा लवकरच मरतात, आणि ती कुठल्या रानातून आणली हे विकणारा सांगत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली अनेक प्रजातींना संरक्षण आहे. त्या पैशांत पाहुण्यांना कढीपत्त्याची रोपं द्या.

२०. सोसायटीत दर आठवड्याला डासांसाठी धूर मारतात. काय करावं?

त्या धुरानं फुलपाखरंही मरतात. समितीला डासांच्या उत्पत्तीवर बोट ठेवायला सांगा: कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, उघड्या टाक्या. आठवड्यातून एकदा पाणी रिकामं केलं तर अंड्यातून डास होण्याची वेळच येत नाही. साथीच्या काळात धूर टाळता येत नसेल तर निदान तो संध्याकाळनंतर आणि झाडांच्या पट्टीपासून दूर मारण्याची विनंती करा. आमच्या माहितीतल्या काही सोसायट्यांनी हे ऐकलं आहे. मुलांनी अळी दाखवली की समिती लवकर ऐकते.

२१. आम्ही अमेरिकेत राहतो. मोनार्क या तिथल्या स्थलांतरी फुलपाखरासाठी भारतातलं हळदीकुंकू लावावं का?

ते झाड मुळात तुमच्याच बाजूच्या उष्ण प्रदेशातलं. पण कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडासारख्या सौम्य हिवाळ्याच्या भागात ते वर्षभर हिरवं राहतं आणि त्यामुळे मोनार्कवरचा एक परजीवी त्याच्या पानांवर साचत जातो. शिवाय काही फुलपाखरं स्थलांतर सोडून तिथंच अंडी घालत राहतात. तुमच्या राज्यातला स्थानिक मिल्कवीड (हळदीकुंकवाच्याच गटातलं झाड) लावा. हळदीकुंकू आधीच असेल तर शरद ऋतूत ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाका. थंडीत ज्या भागात ते आपोआप मरतं तिथं हा धोका कमी आहे.